‘अडीच हजारात एक’ म्हणजे नेमके काय? एचआयव्हीच्या धोक्याचे गणित समजून घेऊ या

संगमनेरमध्ये तरुणांचे एक शिबिर संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. त्याचे लग्न ठरले होते. हळू आवाजात म्हणाला, “सर, मागे एकदा निरोध न वापरता संबंध आला होता. मोबाईलवर वाचलं, पुरुषाला धोका अडीच हजारात एक असतो. मग टेस्ट कशाला करायची?”

त्याने वाचलेला आकडा खोटा नव्हता. त्याने काढलेला अर्थ मात्र धोक्याचा होता. हाच प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आकडा काय सांगतो?

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने संबंधांच्या प्रकारानुसार अंदाज दिले आहेत. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो उपचारावर नाही आणि निरोध वापरलेला नाही, असे गृहीत धरले आहे. अशा दर १०,००० संबंधांमागे सरासरी लागण अशी होते:

- योनीमार्गे संबंधात पुरुषाला ४, स्त्रीला ८
- गुदमार्गे संबंधात करणाऱ्याला ११, करवून घेणाऱ्याला १३८

म्हणजे पहिल्या ओळीतील पुरुषाला अडीच हजारात एक आणि शेवटच्या प्रकारात साधारण ७२ मध्ये एक.

सरासरी कोणाची?

योनीमार्गे संबंधांचे हे आकडे श्रीमंत देशांतील अभ्यासांवर आधारलेले आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कमी उत्पन्नाच्या देशांतील सरासरी दर १०,००० संबंधांमागे ३० ते ३८ इतकी निघाली. म्हणजे कित्येक पट जास्त.

शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येकाचा धोका नव्हे. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल, तर त्याच्या शरीरात विषाणू प्रचंड प्रमाणात असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. दोघांपैकी कुणाला गुप्तरोग असेल, जननेंद्रियावर जखम असेल, तरी धोका वाढतो. समोरच्याकडे पाहून यातले काहीच कळत नाही.

एकदा आणि वारंवार

‘अडीच हजारात एक’ याचा अर्थ पहिले २४९९ संबंध सुरक्षित असा होत नाही. लागण पहिल्याच वेळी होऊ शकते. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने काढली जाते आणि धोका साचत जातो.

आता त्या मुलाच्या होणाऱ्या बायकोचा विचार करा. समजा नवऱ्याला लागण आहे आणि त्याला ती माहीत नाही. स्त्रीसाठी १०,००० मागे ८ हाच कमी अंदाज धरू. वर्षात १०० संबंध आले तर तिचा धोका जवळपास ८ टक्के होतो. पाच वर्षांत तो ३३ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे तिघींपैकी एक. ‘किरकोळ’ वाटणारा आकडा असा घरात येतो. तिने तर कोणताही धोका पत्करलेला नसतो.

धोका शून्यही होतो

गणिताची दुसरी बाजू आशेची आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका अभ्यासात पुण्याचाही सहभाग होता. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये त्यातून दिसले. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केले की, नियमित एआरटी औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. एकत्र जेवल्याने, एकाच घरात राहिल्याने, हात मिळवल्याने तर धोका मुळातच नाही. ज्या समाजाने अस्पृश्यता भोगली, त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्याचा पेला वेगळा ठेवू नये.

काय करायचे?

- प्रत्येक वेळी निरोध वापरा. धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो.
- धोक्याचा संबंध घडला तर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांकडे जा. २८ दिवसांची औषधे लागण टाळू शकतात.
- सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत होते. लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा.
- माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.
- २०१७ च्या एचआयव्ही/एड्स कायद्याने संमती, गोपनीयता आणि भेदभावापासून संरक्षण दिले आहे.

बोलायला लाजायचे का?

‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक शिक्षण देणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेबांनी मांडली. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो मांडणारे स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम आपल्याच नगर जिल्ह्याचे होते. आपल्या चळवळीने हा विषय कधी झाकून ठेवला नाही. तिसरे शील आपण रोज म्हणतो. आपल्या वागण्याने दुसऱ्याला इजा होऊ नये, हाही त्याचा अर्थ आहे. स्वतःची स्थिती जाणून घेणे त्यातच येते.

त्या मुलाला मी हेच सांगितले आणि तो चाचणीला गेला. रिपोर्ट काय आला ते लिहिणार नाही. ती गोष्ट त्याची आणि त्याच्या जोडीदाराची आहे.

जय भीम!