हिरवळ-कर्तन यंत्राची चाके
ट्रॅक्टरच्या मागे जोडून हिरवळीवरील गवत एकसारख्या उंचीवर कापणाऱ्या यंत्राला जमिनीवर आधार देणारी आणि पात्यांची जमिनीपासूनची उंची ठरविणारी लहान चाके. यंत्राचे वजन पेलणे हे या चाकांचे केवळ अर्धे कार्य होय. कापलेल्या गवताची उंची प्रत्यक्षात त्यांच्यावरच अवलंबून असते. म्हणून झिजलेल्या किंवा मोडलेल्या चाकाच्या जागी दुसरे चाक निवडताना ते आसावर बसते एवढे पाहून भागत नाही. त्याची सर्व मापे मूळ चाकाशी जुळावी लागतात.

इतिहास : इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील स्ट्राउडजवळ राहणारे यंत्रज्ञ एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवत कापण्याच्या पहिल्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. लोकरी कापडावरील तंतू सारखे कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांच्या यंत्रातील मोठ्या रुळामुळे पात्यांच्या दंडगोलाला गती मिळे व दुसऱ्या लहान रुळाची जागा बदलून कापाची उंची कमीजास्त करता येई. जमिनीवरून फिरणाऱ्या भागाने कापाची उंची ठरविण्याचे हे तत्त्व पुढील यंत्रांतही टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकात मोठी यंत्रे घोड्यांकडून ओढून घेत. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन-बिंदू जोडणी १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्ये आल्यानंतर ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडणे व उचलणे सुलभ झाले [⟶ ट्रॅक्टर]. आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घराभोवतीची विस्तीर्ण आवारे, क्रीडांगणे व फळबागा यांतील गवत कापण्यासाठी अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात.

रचना व कार्य : यंत्राच्या पोलादी छताखाली बहुधा तीन आडवी पाती बसविलेली असतात. ट्रॅक्टरच्या मागील शक्तिवाहक दंड सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो. ही गती दंतचक्रपेटी व पट्टे यांच्या साहाय्याने वाढवून पात्यांना दिली जाते. झुडपे व दाट रान तोडणाऱ्या अवजड यंत्राहून हे यंत्र निराळे असते; याच्या पात्यांचे कापपट्टे एकमेकांवर थोडे चढलेले असल्याने मध्ये न कापलेले गवत राहत नाही. काम चालू असताना ट्रॅक्टरचे उचलबाहू खाली सोडलेले असतात व यंत्र चार कोपऱ्यांतील चाकांवर जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत राहते. वळताना चाकाची दिशा आपोआप बदलावी म्हणून ते चिमट्यात बसवून चिमट्याचा दांडा उभ्या नळीत फिरता ठेवतात. या दांड्यावरील कड्या वरखाली करून कापाची उंची बदलता येते.

मापे : चाकाचा बाहेरील व्यास हे पहिले महत्त्वाचे माप होय. व्यासात जेवढा फरक पडतो त्याच्या निम्म्याने आसाची, व पर्यायाने पात्यांची, उंची बदलते. १३ इंच (सु. ३३० मिमी.) व्यासाच्या चाकांऐवजी ११ इंच (सु. २७९ मिमी.) व्यासाची चारही चाके बसविल्यास पाती सु. २५ मिमी. खाली येतात. हा फरक दांड्यावरील कड्या बदलून भरून काढता येतो. परंतु एकाच बाजूच्या चाकांचा व्यास २० मिमी.ने कमी असल्यास ती बाजू १० मिमी. खाली झुकते व हिरवळीवर प्रत्येक फेरीगणिक पायरी उमटते. गवताच्या उंचीचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये, असा संकेत आहे. ६० मिमी. उंचीचे गवत ४० मिमी.पर्यंत कापण्यासाठी लावलेले यंत्र १० मिमी. खाली आले, तर निम्मे गवत कापले जाते. मुळे दुबळी होऊन हिरवळीवर पिवळे पट्टे दिसू लागतात.

धावेच्या बाजूवर १३×५·००–६ अशा स्वरूपाची खूण असते. तीत अनुक्रमे बाहेरील व्यास, रुंदी व आतील कड्याचा व्यास इंचांत दिलेला असतो. झिजलेल्या धावेवर घेतलेले माप मूळ मापापेक्षा कमी भरत असल्याने ही खूण किंवा यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील भाग-क्रमांक प्रमाण मानावा. यंत्राचा नमुना बंद झालेला असला, तरी त्याच मापाचे चाक अन्य उत्पादकाकडे मिळू शकते, कारण अनेक यंत्रांत सामान्य मापांचीच चाके वापरलेली असतात.

आसछिद्राचा व्यास व तुंब्याची लांबी ही यापुढील दोन मापे होत. अमेरिकी यंत्रांत पाऊण इंच (१९·०५ मिमी.) किंवा एक इंच (२५·४ मिमी.) व्यासाचे आस आढळतात. मेट्रिक मापाचा धारवा यांच्याशी जुळत नाही : २५ मिमी. छिद्राच्या धारव्यात एक इंची आस शिरत नाही, तर २० मिमी. छिद्रात पाऊण इंची आस सैल बसून डुगडुगतो. मोठे छिद्र असलेल्या चाकात योग्य जाडीची नळी बसवून ते लहान आसावर वापरता येते. एक इंची छिद्रात पाऊण इंची आसासाठी या नळीची जाडी ३·१७५ मिमी. लागते. धारवा कोरून छिद्र मोठे करणे मात्र सर्वस्वी अयोग्य ठरते. तुंब्याची लांबी त्याच्या दोन्ही टोकांमधील अंतराइतकी मोजतात. तुंबा चिमट्याच्या अंतरापेक्षा थोडा आखूड असल्यास वायसर घालता येतात, लांब असल्यास चाक बसतच नाही. आसच झिजून चपटा झाला असेल, तर नवे चाकही लवकर खिळखिळे होते. बसविल्यावर चाक हाताने पूर्ण फिरवून ते चिमट्याला वा छताच्या कडेला घासत नाही, याची खात्री करून घ्यावी लागते.

प्रकार : हवाभरल्या धावा धक्के शोषून घेतात व ओल्या जमिनीत कमी रुततात, परंतु काट्यांनी त्या फुटतात आणि दोन बाजूंचा हवेचा दाब असमान झाला, तरी यंत्र कलते. भरीव रबरी धावांना ही भीती नसते, मात्र खडबडीत जमिनीवरील धक्के त्या चौकटीच्या वितळजोडांपर्यंत पोहोचवितात. फेसाळ रबराने भरलेल्या धावा या दोहोंमधील होत. ढकलगाडीचे चाक दिसायला सारखे असले, तरी त्याचा धारवा यंत्राच्या भाराला पुरेसा असेलच असे नाही. २५० किग्रॅ. वजनाच्या यंत्राचा प्रत्येक चाकावर सु. ६० किग्रॅ. भार येतो, असे वरवर वाटते. उंचसखल जमिनीवर मात्र बराचसा भार समोरासमोरच्या दोनच चाकांवर येऊ शकतो.

दक्षता : चाक काढण्यापूर्वी शक्तिवाहक दंड सोडवून व इंजिन बंद करून किल्ली काढून घेतात. केवळ ट्रॅक्टरच्या उचलयंत्रणेवर टांगलेल्या यंत्राखाली जाणे धोक्याचे असते, कारण तेलाचा दाब सुटल्यास यंत्र एकदम खाली येते. म्हणून ते भक्कम ठोकळ्यांवर टेकवावे लागते. काही चाकांचे कडे दोन भागांचे असून ते बोल्टांनी जोडलेले असते. अशा धावेतील सर्व हवा सोडल्याशिवाय हे बोल्ट सैल केल्यास कड्याचे भाग उसळून गंभीर इजा होऊ शकते. चाके एकेकटी न बदलता निदान जोडीने बदलणे श्रेयस्कर असते. नंतर सपाट फरशीवर यंत्र ठेवून चारही कोपऱ्यांची उंची मोजतात. छताची पुढील कड मागील कडेपेक्षा किंचित खाली ठेवण्याची पद्धत आहे. धारव्यांना नियमितपणे वंगण दिल्यास व वळताना यंत्र किंचित उचलून घेतल्यास चाकांचे आयुष्य बरेच वाढते.