दुसऱ्या वर्षाचा तांदूळ

कोथरूडच्या शेतकरी आठवडे बाजारात उन्हं चढलीत, पण गर्दी हटत नाही. तांदळाच्या गाळ्यासमोर एक आजी दोन पाकिटं धरून उभ्या आहेत. दोन्हींवर हिरवं पान छापलंय. भावात मात्र बराच फरक आहे.

"स्वस्तातलं घेऊ का गं?" त्या शेजारच्या नातीला विचारतात.

नात पाकीट उलटं करते. पुढे ‘नॅचरल’, मागे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक. "आजी, हा नंबर सगळ्याच पाकिटांवर असतो. तो धंद्याच्या परवान्याचा. सेंद्रिय असल्याचं यात काहीच नाही."

दुसऱ्या पाकिटावर ‘जैविक भारत’ची गोल खूण आहे: पान आणि बरोबरची टिक. सेंद्रिय अन्नाच्या 2017च्या नियमांनी आलेली ही खूण. ती लावलेल्या मालामागे दोनपैकी एक व्यवस्था उभी असते. एनपीओपी या राष्ट्रीय कार्यक्रमात बाहेरची प्रमाणन संस्था शेत तपासते; पीजीएस या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो.

पलीकडे मुळशीचे एक काका इंद्रायणी तांदूळ मापून देतायत. त्यांच्या पिशवीवर ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ आहे, जैविक भारत नाही.

"का हो, काका?" आजी विचारतात.

"अजून दुसरं वरीस चाललंय, आजी. युरिया बंद केला तवापासनं मोजतात." ते माप खाली ठेवतात. "गटातली माणसं येऊन शिवार बघत्यात. शेजारचा फवारतो, त्याचं पाणी आपल्यात येऊ नये म्हणून बांधाला चर खणलाय, तोबी बघितला त्यांनी."

"आणि पीक?"

"कमी उतरलंय. भाव अजून सेंद्रियाचा नाही."

हंगामी पिकाच्या जमिनीला सेंद्रिय ठरायला साधारण दोन वर्षं लागतात, फळबागेला तीन. तोवर शेतकरी मेहनत सेंद्रियाची करतो आणि माल बिनसेंद्रियाच्या भावात विकतो. काकांच्या पिशवीवरच्या ‘ग्रीन’ या शब्दाचा अर्थ हीच मधली वर्षं. कोपऱ्यातली पालेभाजीवाली तर कुठलीच खूण लावत नाही. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे. तिच्या बाबतीत विचारपूस हाच आपला आधार.

आजी पिशवी पुढे करतात. "दोन किलो द्या. चर खणलेल्या शेतातलाच द्या हो."

काका हसत माप भरतात. मीही रांगेत उभी राहते. जैविक भारतची खूण मिळालेल्या मालाला गिऱ्हाईक आपोआप येतं. गिऱ्हाइकाची खरी गरज त्या खुणेच्या वाटेवर असलेल्या शेतकऱ्याला आहे. महाराष्ट्रात सेंद्रिय शेतं वाढावीत असं आपल्याला मनापासून वाटत असेल, तर दुसऱ्या वर्षाचा हा तांदूळ आपण विकत घेतला पाहिजे.