न थांबणारा पंखा

वर्धा जिल्ह्यातील वणा नदीकाठच्या हिंगणघाटचा कापसाशी असलेला संबंध फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात येथील कापूस गावाच्याच नावाने इंग्लंडच्या बाजारात ओळखला जाई. आणि आजही दिवाळी सरून कापसाच्या गाड्या बाजारात येऊ लागल्या, म्हणजे जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होताना जे सूक्ष्म तंतू हवेत सुटतात, ते आसपासच्या झाडांच्या पानांवर, विजेच्या तारांवर आणि कचेऱ्यांतील दप्तरांवर पांढऱ्या थराच्या रूपाने साचत राहतात. रोजकीर्द आणि खतावणी जोवर वह्यांत लिहिली जात होती, तोवर हा थर फडक्याने झटकला की काम भागत असे. आता त्या वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे, आणि हे यंत्र स्वतःला थंड राखण्यासाठी भोवतालची हवा अखंड आत ओढून घेत असते.

अशाच एका जिनिंगच्या कचेरीतील संगणकाचा पंखा गेल्या मे महिन्यात सकाळी यंत्र सुरू झाल्यापासून संध्याकाळी ते बंद होईपर्यंत पूर्ण वेगाने घोंघावत असे, आणि त्याची तपासणी चालली असता शेजारी बसून ती पाहण्याचा योग मला आला. "भाऊ, हा थांबूनच नाही राहिला, पंखाच बदलून टाका," अशी मुनीमजींची मागणी होती. दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने पेचकस बाहेर न काढता प्रथम पेटीच्या मागे, जेथून हवा बाहेर पडते तेथे, आपला तळहात धरला. आवाज मोठा आणि वारा मात्र क्षीण, एवढी एकच विसंगती त्याला पुढील तपासाची दिशा दाखविण्यास पुरेशी झाली. तथापि अनुमानावर विसंबणे त्याला मान्य नव्हते.

सतत फिरणाऱ्या पंख्यामागे दोनच प्रकारची कारणे संभवतात: एक तर आत खरोखरच उष्णता साठलेली असते, किंवा उष्णता नसताना पंख्याकडे जाणारा हुकूम बिघडलेला असतो. आजच्या पंख्याला बहुधा चार तारा असतात. एक ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्टची, तिसरी प्रत्येक फेऱ्यात दोन स्पंदने पाठवून वेगाची वर्दी देणारी, आणि चौथी वेग किती असावा याचा हुकूम आणणारी. ही चौथी तार तुटली, तर पंखा थांबत नाही. तो पूर्ण वेगाने फिरू लागतो. हुकूम न आल्यास स्वस्थ बसण्याऐवजी जिवापाड काम करावे, ही तजवीज ज्यांनी केली त्यांच्या दूरदृष्टीचे मला मनापासून कौतुक वाटते. तीन तारांच्या पंख्याचा वेग विद्युतदाब कमीअधिक करून राखला जातो. तो जोडला असताना बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीत, चार तारांची पद्धत निवडलेली राहिली, तरी परिणाम तोच होतो. त्या तरुणाने हे सर्व पाहिले, तारा तपासल्या, एखादा कार्यक्रम पडद्याआड प्रोसेसरला राबवीत नाही ना याचीही खात्री करून घेतली, आणि बायोसमधील तापमान वाचले. ते नव्वदीच्या घरात होते. तेव्हा पंखा निर्दोष ठरला.

पेटी उघडल्यावर पंख्याची पाती आणि त्याखालील ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये जाड नमदा बसलेला दिसला. कोरडी धूळ फुंकरीने उडते; परंतु विदर्भातील कचेरीत उन्हाळाभर कूलर चालतो, त्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी दमट हवा रुईच्या तंतूंना एकमेकांत गुंतविते, आणि मग तो थर बोटांनी सोलून काढावा लागतो. त्याने तो सोलला, पट्ट्यांमधील फटी मऊ ब्रशाने मोकळ्या केल्या, आणि ब्लोअरचा झोत सोडण्यापूर्वी पंख्याच्या पात्यांवर बोट ठेवले, कारण बाहेरच्या वाऱ्याने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग झिजते आणि मोटर उलट वीज निर्माण करू लागते. प्रोसेसर आणि धातू यांच्यामधली, उष्णता पुढे पोचविणारी थर्मल पेस्टही वाळून तिचे पापुद्रे झाले होते. ते पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली गेली.

यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा पंख्याचा आवाज पुष्कळ उतरला. परंतु दुपार चढली तसा तो पुन्हा वाढला, आणि मुनीमजींचा चेहरा पडला. "आता तो बरोबरच करून राहिला, मुनीमजी," असे तो तरुण म्हणाला, आणि मला वाटते त्या दिवशीचा खरा निदानाचा क्षण हाच होता. पंखा हवा हलवितो, ती थंड करीत नाही. ज्या हवेने उष्णता वाहून न्यावयाची, त्या हवेपेक्षा प्रोसेसर अधिक थंड होणे अशक्य आहे. पेंटियम ४ च्या काळातील इंटेलच्या पंख्यांच्या तांत्रिक पत्रकात पेटीतील हवा ३० अंशांपर्यंत असेल तर वेग किमान राहील आणि ३८ अंशांवर तो कमाल होईल, असे स्पष्ट नमूद होते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि कूलर नसलेल्या खोलीत ३८ अंशांची मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. अशा हवेत पंखा मंदावला असता, तर तीच काळजीची बाब ठरली असती.

आवाजाला कंटाळून बायोसमध्ये पंख्याचा वेग बळेच कमी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने शांतता मिळते, पण तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपली गती स्वतःच कमी करतो, आणि मग संगणक संथ झाल्याची दुसरी तक्रार उभी राहते. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात ज्यांचे काम कापसाच्या सान्निध्यात चालते, त्यांनी हंगाम उतरताच, उन्हाळा भरात येण्यापूर्वी, पेटी उघडून स्वच्छ करवून घ्यावी. ती जमिनीपासून हातभर उंच आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवावी. आणि एवढे करूनही मे महिन्याच्या भर दुपारी पंखा फिरत असेल, तर त्याला फिरू द्यावे.