घरगुती एस्प्रेसो : कल्पना आणि मात्रा

घरी एस्प्रेसो करण्याच्या छंदात काही वैद्यमित्र रमले आहेत, आम्हीही त्यांपैकीच. फांटाशी या पेयाचे साम्य सहज जाणवते. फांटात चूर्णावर उष्ण जल ओतून ते गाळून घेतात. एस्प्रेसोत मात्र ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी, सुमारे ९ बार दाबाने, घट्ट बसविलेल्या सूक्ष्म चूर्णातून जाते.

१८ ग्रॅम चूर्णापासून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम पेय मिळावे, हा प्रारंभीचा मापदंड होय. पेय लवकर उतरून आंबट लागल्यास चूर्ण अधिक बारीक दळावे. विलंबाने उतरून कडू लागल्यास किंचित जाड. एका वेळी एकच घटक बदलावा, अन्यथा दोषाचे कारण उमगत नाही.

येथेच आम्ही चुकलो. पहिल्याच रविवारी सहा प्रयोग केले आणि द्रव्य वाया जाऊ नये म्हणून सहाही पेले संपविले. ती रात्र जागून काढली. अशा एका दुहेरी पेल्यात सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम कॅफीन असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० व गर्भिणीसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. आमची मर्यादा तीन पेल्यांतच जवळपास पूर्ण झाली होती.

चव पाहण्यास एक चमचा पुरे. उरलेले ओतून द्यावे. निद्रानाशाच्या रुग्णास ‘कॉफी किती कप?’ एवढेच न विचारता ‘घरी यंत्र आहे का, चाखण्यात किती जाते?’ हेही विचारावे. छंदातील मात्रा रुग्ण सहसा मोजत नाही. आम्हीही मोजली नव्हती.