तापलं की बहकलं!

मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्यात पोचलात की अंगाला कसं बरं वाटतं, नाही? खिशातल्या मोबाइलला मात्र तसं वाटत नाही. टेबलावर मुकाट पडलेला असतो, पण त्याच्या पोटातला हालचाल टिपणारा ॲक्सेलरोमीटर म्हणतो, ‘हललो मी, किंचित!’ साफ थाप. हवा बदलली, एवढंच.

माहीत आहे का? मोबाइलमधल्या अशा चिपचं ‘शून्य’ तापमानाच्या दर अंशामागे सरकतं. किती? गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहा हजाराव्या ते हजाराव्या भागाएवढं. स्क्रीन आडवी-उभी करायला एवढी चूक पचते. भूकंपाची कुजबुज ऐकायची असेल, तर अजिबात नाही!

आता लंबक घ्या. तोच तर जुन्या भूकंपमापकांचा खापरपणजोबा. स्टीलच्या दांड्याचा लंबक उन्हानं लांबतो आणि घड्याळ दर अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद मागे पडतं. हिवाळा-उन्हाळ्यात सरासरी २० अंशांचा फरक धरला तर रोज १० सेकंद गायब. बुलढाण्याची गाडी चुकणार नाही, पण शास्त्रज्ञाची झोप नक्की उडेल.

मग १८९६ साली शार्ल एदुआर गियोम यांनी एक भन्नाट धातू शोधला. लोखंडात ३६ टक्के निकेल, नाव इन्व्हार. स्टील जेवढं फुगतं त्याचा जेमतेम दहावा हिस्सा हा फुगतो. बक्षीस? थेट १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल! पुढच्या वर्षीचं नोबेल कुणाला, सांगा पाहू? आइनस्टाइनना. म्हणजे मिश्रधातूवाला एक नंबर आधी!

उभी हालचाल मोजणाऱ्या भूकंपमापकाचं दुखणं वेगळंच. तिथे वजन स्प्रिंगला टांगलेलं असतं, आणि एका अंशानं तापलं की साध्या स्टीलची ताठरता ०.०२ ते ०.०३ टक्क्यांनी घटते. ऐकायला चिल्लर वाटतं ना? पण वजन खाली झुकतं आणि कागदावर जमीन हलल्याची रेघ उमटते. म्हणून या स्प्रिंगांसाठी खास मिश्रधातू लागतात, उन्हातही ताठ मानेनं राहणारे.

उष्णतेशी चाललेल्या या झुंजीत विदर्भाचं नाव आधीपासून आहे बरं का. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन स्टीलच्या साखळीनं जमीन मोजायचे. साखळी तंबूच्या सावलीत, शेजारी थर्मामीटर. ऊन वाढलं की साखळी लांब आणि हिशेब चूक! ते १८२३ मध्ये वारले आपल्या हिंगणघाटात. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी लोखंड आणि पितळ यांच्या १० फुटी पट्ट्यांची जोडी वापरली. दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात, त्या फरकातूनच चूक कापून काढायची. काट्यानं काटा, दुसरं काय!

तापमानाला चकवायचा सगळ्यात स्वस्त जुगाड कोणता? पुरून टाका! दिवस-रात्रीची गरमी-थंडी मीटरभर खोलीवर जवळजवळ विरून जाते. आजीच्या पेवात ज्वारी टिकायची, तसाच जमिनीखाली सेन्सर सुखात राहतो.

याचा झकास पुरावा चंद्रावर मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चं ‘चेस्ट’ हे उपकरण मातीत खुपसून पाहिलं. वर सुमारे ५० अंश, आणि अवघ्या ८ सेंटीमीटर खाली उणे १०! वीतभरही नाही हो, चार बोटं फक्त. चांद्रयान-३ च्याच विक्रम लँडरवर ‘इल्सा’ होतं, सिलिकॉनमध्ये कोरलेल्या सहा देशी ॲक्सेलरोमीटरचं टोळकं. त्यानं प्रज्ञान रोव्हरची चालही टिपली आणि २६ ऑगस्टला एक हादराही, बहुधा नैसर्गिक.

मंगळावरची गंमत तर आणखी वरताण. नासाच्या ‘इनसाइट’ यानाचा भूकंपमापक निर्वात गोळ्यात बंद, वर उष्णतारोधक घुमट आणि घुमटाला खाली चक्क साखळ्यांचा घागरा! वारा आत शिरू नये म्हणून. त्या गोळ्यालाच बारीक गळती निघाली आणि २०१६ ची उड्डाणवारी २०१८ वर गेली. पण मेहनत फळली. यंत्रानं १,३०० हून जास्त मंगळकंप पकडले.

आता घराजवळ या. लोणारला उल्का आदळली तेव्हा मोजायला कुणीच नव्हतं. पण वाशीम ओलांडलं की हिंगोली, आणि तिथे औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू! एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटींना मंजुरी दिली. मोजायचं काय? प्रोटॉनच्याही दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल. अशा वेधशाळेत ४० किलोचे आरसे काचेच्या तंतूंनी टांगतात आणि लेझरनं त्यांचा आकार बिघडला, तर कडेनं हीटरचा शेक देतात. होय, उष्णतेवर उतारा उष्णतेचाच!

हाच नुस्खा फवारणीच्या ड्रोनमध्येही सापडतो. अनेक ड्रोन उडण्याआधी आतल्या सेन्सरला मुद्दाम गरम करतात आणि एकाच तापमानावर धरून ठेवतात. खामगावच्या शेतात ड्रोनवाला मिनिटभर नुसता उभा दिसला, तर त्याला आळशी म्हणू नका. अट एकच, आतलं ठरवलेलं तापमान बाहेरच्यापेक्षा वर हवं. समजा ते ४५ ला लावलंय, आणि मे महिन्यात घाटाखाली पारा ४४ वर. वर डोक्यावर ऊन, त्यात मोटारींची धग. मग हीटरला सुट्टी, पायलटला घाम, आणि फवारणी सरळ उद्या सकाळी सहाला!