विक्रोळीला न थांबणारा ‘फास्ट’

विक्रोळी स्टेशनात ‘फास्ट’चा अर्थ बहुतेक वेळा एकच: आपली नसलेली गाडी. घाटकोपर सोडलं की ती धडधडत पुढे मुलुंड-ठाण्याकडे निघून जाते. आपण फलाटावर तिचा वारा खायचा आणि स्लोची वाट बघायची.

म्हणूनच विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या वहीतली वाक्यं वाचून मला फारसं नवल वाटलं नाही. नातवाचा अभ्यास घेता यावा म्हणून साठी उलटल्यावर त्या इंग्रजी शिकतायत. ‘द चाइल्ड इज फास्ट अस्लीप’समोर त्यांनी लिहिलं होतं, ‘मूल पटकन झोपतं.’ ‘द कार्ट इज स्टक फास्ट’चं झालं होतं, ‘गाडी पटकन रुतली.’ तिसऱ्या वाक्याला मात्र पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. ‘धिस कलर इज फास्ट’, म्हणजे ‘हा रंग पटकन जातो.’

“अगं, रंग पटकन जातो हे साडीचा दुकानदार कौतुकानं कशाला सांगेल?” काकूंनी विचारलं. भाषेची जाण म्हणतात ती हीच. पुस्तक चुकलं नव्हतं, अर्थ चुकला होता, आणि तो व्याकरणानं नव्हे, साडीच्या अनुभवानं पकडला. तो रंग पक्का आहे, धुऊन जाणार नाही, असं ते वाक्य सांगतं. मूल गाढ झोपलंय आणि गाडी घट्ट रुतलीय.

एकाच शब्दाला वेगही म्हणायचं आणि न हलणंही? इंग्रजीत अशा शब्दांची कमी नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले. त्यामानाने ‘फास्ट’ गरीब, पण गुंता त्याचा जास्त. कारण आपल्याला सगळ्यात आधी भेटतो तो ‘वेगवान’ हा अर्थ त्याच्या घराण्यातला धाकटा आहे. थोरला अर्थ घट्ट, पक्का, न सुटणारा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शब्द होता ‘फॅस्ट’, आणि त्याचा अर्थ हाच. विमानात पट्टा ‘फासन’ करायला सांगतात तो याच घरातला.

हा थोरला अर्थ बघायचा तर पुनर्विकासाच्या कुठल्याही साइटवर जावं. दाराची लाकडी चौकट भिंतीत बसवताना सुतार तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या स्क्रूनं जोडतो. पट्टीचं एक टोक चौकटीला, दुसरं भिंतीत काँक्रीटमध्ये गाडलेलं. दार कितीही आपटा, चौकट जागची हलत नाही. या पट्टीला सगळे म्हणतात ‘होल्डफास्ट’. इंग्रजीचा एक धडाही न गिरवलेला सुतार हा शब्द अगदी मूळ अर्थानं रोज वापरतो.

मग घट्टचा वेग कसा झाला? उत्तर आपल्याच तोंडात आहे. ‘दोरी जोरात धर’ म्हणतो तेव्हा आपल्याला घट्ट हवं असतं. ‘जोरात पळ’ म्हणतो तेव्हा भरभर. जोर म्हणजे ताकद. नेट लावून धरणं आणि नेट लावून पळणं, यांतून इंग्रजीतही आधी ‘जोरानं’ आणि मग ‘वेगानं’ असा प्रवास झाला. काकूंना हे एका वाक्यात पटलं, एरवी माझं अर्धा तास व्याख्यान झालं असतं.

उपवासालाही ‘फास्ट’च का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. नियम घट्ट धरून ठेवायचा, म्हणून. आपणही एकादशी धरतो, रोजा धरतात, आणि मग तो सोडतात. सकाळचा ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे रात्रभराचा उपवास मोडणं. मराठी इथे जास्त चोखंदळ: धर्माचा तो उपवास, मागणीसाठीचं ते उपोषण. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस जेवले नाहीत. त्याला आपण उपोषणच म्हणतो. इंग्रजी वर्तमानपत्राला मात्र तिथेही ‘फास्ट’ पुरतो. साबुदाण्याच्या खिचडीलाही तोच. हे मला कधीच पटलेलं नाही.

जर्मन शिकणाऱ्यांची आणखी पंचाईत. तिथे हुबेहूब ‘फास्ट’ लिहिलेल्या शब्दाचा अर्थ ‘जवळजवळ’. घट्ट म्हणजे अगदी लागून, आणि लागून म्हणजे जवळ. शब्द तोच, निघाला भलत्या फलाटावर.

शिकणाऱ्यानं काय करावं? ‘फास्ट’समोर पाच अर्थांची यादी लिहून पाठ करू नये, ती परीक्षेच्या दिवशी हमखास उलटसुलट होते. शब्द त्याच्या सोबत्यासकट लिहावा. ‘कलर’बरोबर पक्का, ‘अस्लीप’बरोबर गाढ, ‘फ्रेंड’बरोबर जिवाभावाचा, ‘बोलर’बरोबर वेगवान. घड्याळ फास्ट असेल तर ते पुढे आहे. आमच्याकडे भिंतीवरचं कायम पाच मिनिटं पुढे असतं, लोकल चुकू नये म्हणून.

काकूंनी तिसरं वाक्य खोडून नव्यानं लिहिलं: ‘या साडीचा रंग पक्का आहे.’ मग वही मिटली आणि ठाण्याला बहिणीकडे जायला निघाल्या. स्लोनं.