बिनकुलपाच्या गावाची हमी

शनिशिंगणापुरातल्या घरांना दारं नाहीत, हे कौतुक आता जुनं झालं. चौकट असते, कुत्रं शिरू नये म्हणून फार तर फळी आडवी लावतात. चोराला शनिदेव सोडत नाही, ही श्रद्धा. गावाला निर्धास्त ठेवणारं आणखीही काही होतं, त्याची नोंद मात्र क्वचितच होते.

गावाचा नेवासे तालुका तसा अवर्षणाचा. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर माणसं खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी 1977 मध्ये कायदा झाली आणि शहरी पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराची रोजी निघू लागली. मुळा धरणाचं पाणी आलं, ऊस आला, शेजारी सोनईला साखर कारखाना झाला. पोटासाठी दुसऱ्याच्या घरात शिरायची वेळ टळली, तेवढं शनिदेवाचं काम हलकं झालं असं माझं मत.

पुढे भाविकांची गर्दी वाढली. तेल, प्रसाद, पार्किंग, देवस्थानातली नोकरी यांवर पंचक्रोशी जगू लागली. 2010 मध्ये एका भाविकाने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली. 2011 मध्ये युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली. रोकड अर्थात बंदोबस्तातच. 2015 मध्ये पोलीस ठाणंही आलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एक तरुणी स्त्रियांना मज्जाव असलेल्या शनिदेवाच्या चौथऱ्यावर चढली. देवस्थानाने चौथऱ्याचं शुद्धीकरण केलं आणि पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांना निलंबित केलं. चौथरा स्त्रियांसाठी खुला व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकरांनी 2000 मध्येच आंदोलन केलं होतं. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2016 च्या गुढीपाडव्याला विश्वस्त नमले. निलंबनाची झळ तोवर पहारेकऱ्यांनी सोसली होती, आणि नेतृत्वाचा अंदाज मला तिथेच आला.

2025 मध्ये बनावट ॲपवरून पूजेच्या नावाने भाविकांचे पैसे उकळल्याचे आणि बोगस नोकरभरतीचे आरोप झाले. गुन्हा दाखल झाला, विधिमंडळात चर्चा झाली. सप्टेंबरात सरकारने देवस्थानासाठीच्या 2018 च्या कायद्याचा आधार घेऊन कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवला. ज्याच्या घराला कडी नाही आणि ज्याची चूल देवस्थानच्या पगारावर पेटते, त्याला आता धाक चोराचा कमी, कार्यालयातल्या कागदाचा जास्त. कारभारी कुणीही असो, पूजेच्या पावत्यांचा आणि भरतीचा हिशेब चावडीवर वाचला जाणार का, एवढंच विचारायचं आहे.